उन्हाळ्याचा कूलर, पावसाळ्याचा ए.सी.

आमच्या पवनी तालुक्यात एअर कंडिशनर ही आता केवळ बँकेत किंवा दवाखान्यात दिसणारी वस्तू राहिलेली नाही. आसगावसारख्या गावातही दुकानदार आणि कारागीर बांधव ‘ए.सी. घ्यावा की आहे तो कूलरच नीट करून घ्यावा?’ असे विचारू लागले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ए.सी.वरील जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, तेव्हापासून ही विचारणा वाढली आहे. आम्ही कापडाचे व्यापारी, मेकॅनिक नव्हे. पण कापडाच्या धंद्यात हवेतील ओलीशी रोजचाच संबंध येतो. उर्दूत आम्ही जिला नमी म्हणतो, त्या ओलीवरच या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे.

कूलर हवा थंड करतो तो पाणी उडवून. ताटीवरच्या पाण्याची वाफ होताना ती हवेतील उष्णता घेते. म्हणून हवा जितकी कोरडी, तितका कूलर गुणकारी. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर आणि आर्द्रता २० टक्के असली, तर चांगल्या ताटीचा कूलर सुमारे २८ अंशांची हवा देतो. जुलैत ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना त्याच कूलरची हवा साडेएकोणतीस अंशांच्या खाली जात नाही. शिवाय खोलीत ओल वाढते, अंग चिकट होते, गादी-उशीला वास येतो, तो त्रास वेगळाच.

आसगावचा भाग म्हणजे चौरास, धानाचा पट्टा. पाऊस पडून रोवणी सुरू झाली की चहूकडे बांध्यांत पाणी उभे राहते. तालुक्यात वैनगंगा आहे, गोसीखुर्दचा जलाशय आहे. समुद्र शेकडो मैल दूर असूनही जुलै ते सप्टेंबर हवा कोकणासारखी दमट असते. म्हणजे आपल्याकडे गरमी दोन प्रकारची आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या गरमीला कूलर पुरेसा आहे आणि तो विजेच्या दृष्टीने कितीतरी स्वस्त पडतो. त्यानंतरच्या उकाड्याला तो निरुपयोगी आहे. ए.सी.चा खरा उपयोग तिथे सुरू होतो, कारण तो हवा थंड करतो तशीच तिच्यातील पाणी काढून नळीवाटे बाहेर टाकतो.

ए.सी.चा जन्मच मुळी ओलीच्या त्रासातून झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे-आकसे आणि रंगावर रंग नीट बसत नसे. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने त्यावर उपाय म्हणून यंत्रणा तयार केली. ‘एअर कंडिशनिंग’ हे नाव १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या कापड गिरण्यांच्या अमेरिकन इंजिनिअरने दिले. त्याला मात्र हवा ओलसर करावयाची होती, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. आपल्या धंद्याचा या यंत्राशी असा जुना संबंध आहे.

आता कूलरच्या निगेबद्दल. ताट्या दरवर्षी बदलाव्यात, बोअरच्या जड पाण्याने त्यांवर क्षार बसला असेल तर मधूनच बदलाव्यात. खिडकी किंवा दार थोडे उघडे असावे, नाहीतर ओल खोलीतच फिरते. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून घ्यावी, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट विजेच्या धक्क्याची. लोखंडी कूलरला हात लागून माणूस दगावल्याची बातमी विदर्भात उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा वाचावी लागते. पाणी भरणारी घरातली स्त्री असते, किंवा ओल्या फरशीवर खेळणारे मूल असते. पंपाची वायर पाण्यात असते, तिचे आवरण चिरते आणि सगळा पत्रा विजेचा होतो. अनेकांची समजूत असते की फ्यूज आहे म्हणजे भीती नाही. ही समजूत घातक आहे. फ्यूज अनेक अँपिअरच्या भाराने उडतो. माणसाचा जीव घ्यायला त्याच्या कितीतरी कमी वीज पुरते. यासाठी ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. मेन बोर्डावर बसवून घ्यावा. वीज जमिनीकडे गळू लागताच तो क्षणार्धात लाइन तोडतो. त्याचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

दुसरे म्हणजे अर्थिंग. तीन पिनांचा प्लग आहे, पण तिसऱ्या पिनेला मागे वायरच जोडलेली नाही, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. आणि अर्थिंग चांगले असले तरी मे महिन्यात जमीन वाळून ते कमजोर पडते, म्हणजे कूलर लावतो नेमक्या त्याच दिवसांत. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालावे. पाणी भरताना नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा आणि मगच पाईप टाकीत सोडावा. ए.सी. घेण्याची ऐपत असो वा नसो, पहिला पैसा इथेच खर्च व्हावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

ए.सी. घ्यायचाच असेल तर आधी छत पाहावे. तापलेल्या स्लॅबखाली किंवा टिनाखाली मोठी मशीनही दमते. छतावर चुन्याचा पांढरा हात दिला तर निम्मे काम हलके होते. ‘टन’ म्हणजे मशीनचे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्या वेगाने ती बाहेर काढण्याची ती क्षमता आहे. मोठा टन नेहमी बरा, हेही खरे नाही. साध्या, बिनइन्व्हर्टरच्या मोठ्या मशीनने लहान खोली झटकन थंड होते, कॉम्प्रेसर बंद पडतो आणि ओल तशीच राहते. पावसाळ्यात इन्व्हर्टर मशीन मंद गतीने पुष्कळ वेळ चालते, ते यासाठी सोयीचे. स्टार मोजताना लेबलवरील साल वाचावे, कारण निकष दर काही वर्षांनी कडक होतात. जुन्या सालातले पाच स्टार आजचे पाच नव्हेत. मशीन २४ ते २६ अंशांवर ठेवून पंखा लावावा; १८ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही, फक्त बिल वाढते.

निगेत सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे जाळी. ज्यांचे दुकान व घर एकच आहे, त्यांच्याकडे कापडाची रुई उडते. राइस मिल जवळ असेल तर कोंड्याची धूळ येते. जाळी दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुवावी. पाणी आत टपकू लागले तर बहुधा नळी तुंबलेली असते. ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ असे कोणी म्हणाले तर सावध व्हावे. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय पुन्हा गॅस भरू देऊ नये. जुन्या आर-२२ च्या मशीनमध्ये आर-३२ भरण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नये. त्याचा दाब अधिक असतो आणि तो काहीसा ज्वलनशीलही आहे.

कापडवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. सुती माल वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के आणि रेशीम अकरा टक्के ओल धरते, असे धंद्यात मानले जाते. पॉलिस्टर जेमतेम अर्धा टक्का. म्हणून गोदामात कूलरची हवा कधीही सोडू नये. पावसाळ्यात गठ्ठे भिंतीपासून हातभर दूर आणि फळ्यांवर ठेवावेत; ए.सी. असेल तर रोज काही तास ‘ड्राय’वर चालवावा, म्हणजे बुरशी धरत नाही. मागावर बसणाऱ्याचे गणित नेमके उलटे आहे. मे महिन्यात कूलरची ओलसर हवा सुताला मानवते, थेट ताण्यावर मात्र येऊ देऊ नये. मागाच्या खोलीत ए.सी. लावून सूत वाळवण्याच्या भानगडीत कारागिराने पडू नये.