लहान गिरण्या, कारखान्यांचा कायदा व मजुरांची सुरक्षितता

भातकापणी आटोपली कीं अलिबाग, पेण, रोहें या बाजूच्या गिरण्यांत भात भरडण्याची घाई सुरू होते. आमच्या कांहीं वाचकांच्या मालकीची लहान गिरणी किंवा मळणीयंत्र असतें. कारखान्यांच्या कायद्याची कक्षा कशी बदलत गेली, हें त्यांनीं समजून घेणें जरूर आहे.

१८८१ च्या पहिल्या कायद्याखालीं यंत्रशक्तीवर चालणारा व निदान १०० माणसांचा कारखानाच येत असे. ही संख्या १८९१ मध्यें ५० वर, १९२२ मध्यें २० वर व १९४८ मध्यें १० वर आली. यंत्रशक्ति नसल्यास १९४८ ची मर्यादा २० होती. पुढें ओघ उलटला. महाराष्ट्रानें २०१५ च्या दुरुस्तीनें ही संख्या अनुक्रमें २० व ४० केली; २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं अंमलांत आलेल्या केंद्रीय संहितेंतहि कारखान्याची व्याख्या तीच आहे.

या सवलतीचें कारण रास्त आहे. ज्याच्या पदरीं कारकून नाहीं, त्या मालकास नोंदवह्या व परवाने यांचें ओझें जड जातें. परंतु ओझें कमी झालें म्हणून धोका कमी झाला, असें नव्हे. हलरचा पट्टा माणसें मोजून हात ओढीत नाहीं. बर्फाच्या कारखान्यांत माणसें थोडीं असलीं, तरी अमोनिया वायु फुटल्यास अनर्थ ओढवतो. म्हणूनच सरकारनें धोक्याचीं म्हणून जाहीर केलेल्या कामांस संहितेंत संख्येची अट ठेविलेली नाहीं. मळणीयंत्रांत हात तुटण्याचे प्रकार वाढल्यामुळेंच १९८३ मध्यें त्यांच्यासाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला.

शिवाय नुकसानभरपाईची जबाबदारी वेगळीच आहे. यंत्रशक्तीनें होणाऱ्या शेतकामांतील मजुरासहि १९२३ च्या कायद्यानें तिचा हक्क दिला होता.

यास्तव आमची सूचना अशी. पट्टा व चाकें यांवर जाळी बसवावी. यंत्र पूर्ण थांबल्याविना अडकलेलें भात काढूं नये. मळणीयंत्राच्या तोंडाशीं लांब पन्हळ असावी, म्हणजे पेंढी घालतांना हात आंत पोंचत नाहीं. सैल पदर, उपरणें किंवा लोंबता गमछा घेऊन कोणासहि यंत्राजवळ उभें करूं नये. मुलांस तर मुळींच नको. मजुरांचा विमा उतरावा.

तपासनीस येवो वा न येवो, जाळीचा खर्च थोडका आहे. गेलेला हात मात्र परत येत नाहीं.