घटस्फोटानंतर वैवाहिक वादांतील फौजदारी कार्यवाही रद्द करणे : कायदा व न्यायालयीन भूमिका

बीजसंज्ञा : कलम ४९८-अ, तडजोड, उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, संमतीने घटस्फोट

प्रस्तावना :
वैवाहिक वाद न्यायालयात गेला की तो बहुधा एका प्रकरणापुरता मर्यादित राहत नाही. घटस्फोटाची याचिका, पोटगीचा अर्ज आणि छळाची फिर्याद ही प्रकरणे निरनिराळ्या न्यायालयांत एकाच वेळी चालतात. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की फौजदारी खटलाही आपोआप संपतो, असा समज सुशिक्षित वर्गातही आढळतो. तो कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. प्रस्तुत लेखात खटला केव्हा व कोणत्या मार्गाने रद्द होतो, याचे थोडक्यात विवेचन केले आहे.

कायदेशीर तरतुदी :
पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी विवाहितेला दिलेल्या क्रूर वागणुकीला शिक्षा देणारे कलम ४९८-अ हे १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत समाविष्ट करण्यात आले. त्याखाली तीन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम ८५ व ८६ मध्ये आहे. त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनी दंड संहिताच लागू राहते.

हा गुन्हा अजामीनपात्र असून तो पक्षकारांना आपसात मिटविता येत नाही. आंध्र प्रदेशाने २००३ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीची मुभा दिली. परंतु केंद्रीय कायद्यात तशी तरतूद झाली नाही. शिवाय गुन्हा घडला तो विवाह अस्तित्वात असताना. पुढे विवाह संपला म्हणून आधी घडलेले कृत्य पुसले जात नाही. म्हणूनच केवळ घटस्फोट हे खटला रद्द करण्याचे पुरेसे कारण ठरत नाही.

न्यायालयीन भूमिका :
या अडचणीतून मार्ग निघाला तो उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांतून. हे अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ मध्ये होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ५२८ मध्ये आहेत. बी. एस. जोशी विरुद्ध हरियाणा राज्य (२००३) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, गुन्हा तडजोडयोग्य नसला तरी न्यायाच्या हितासाठी उच्च न्यायालय कार्यवाही रद्द करू शकते. ग्यान सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१२) या प्रकरणात त्रिसदस्यीय पीठाने हा विचार अधिक स्पष्ट केला. गुन्हा आपसात मिटविणे आणि न्यायालयाने कार्यवाही रद्द करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वैवाहिक वादासारख्या मूलतः खाजगी स्वरूपाच्या प्रकरणांत हा अधिकार वापरता येतो. खून, बलात्कार, दरोडा यांसारख्या गंभीर गुन्ह्यांत पक्षकारांचा समझोता निरुपयोगी ठरतो. पुढे २०२३ मध्ये घटनापीठाने, अनुच्छेद १४२ खाली विवाहविच्छेद करताना संबंधित फौजदारी प्रकरणेही संपविण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार मान्य केला.

तडजोड झाली नसेल तर आरोपीला वेगळा आधार दाखवावा लागतो. फिर्यादीतील मजकूर खरा मानूनही गुन्हा सिद्ध होत नसेल, किंवा दूरच्या नातेवाइकांवर मोघम आरोप केलेले असतील, तर कार्यवाही रद्द होऊ शकते. मात्र ती त्या उणिवेमुळे, घटस्फोटामुळे नव्हे.

संमतीचा प्रश्न :
व्यवहारात संमतीच्या घटस्फोटाचे तडजोडपत्र करतानाच पत्नी फौजदारी प्रकरण रद्द करण्यास हरकत घेणार नाही, अशी अट घातली जाते. रद्द करण्याच्या अर्जासोबत तिचे शपथपत्र जोडले जाते. येथे दोन्ही बाजूंना धोका संभवतो. पूर्ण रक्कम मिळण्यापूर्वीच खटला रद्द झाला, तर पत्नीला वसुलीसाठी नव्याने झगडावे लागते. उलट, रक्कम व घटस्फोट मिळाल्यावर पत्नीने शब्द फिरविला, तर पती अडकतो. रुची अग्रवाल प्रकरणात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने अशा वर्तनास प्रक्रियेचा दुरुपयोग मानून कार्यवाही रद्द केली. त्यामुळे रकमेचा शेवटचा हप्ता कार्यवाही रद्द होण्याच्या वेळीच देण्याची पद्धत दोघांच्याही हिताची आहे. पत्नीने स्वतःची पोटगी सोडली तरी अपत्याचा पोटगीचा हक्क स्वतंत्र राहतो, हेही तडजोडपत्रात नमूद असणे इष्ट.

समारोप :
संपलेल्या विवाहाचा खटला वर्षानुवर्षे चालविल्याने कोणाचेच हित साधत नाही, हा विचार न्यायालयांनी स्वीकारला आहे. परंतु या सवलतीचा पाया पत्नीची स्वेच्छेने दिलेली संमती हा आहे. पोटगीसाठी वर्षानुवर्षे ताटकळलेल्या स्त्रीची संमती कित्येकदा नाइलाजाची असू शकते. म्हणून शपथपत्रावरील सहीवर न थांबता तिला तडजोडीच्या अटी समजल्या आहेत काय आणि ठरलेली रक्कम व स्त्रीधन तिच्या हाती पडले आहे काय, याची न्यायालयाने प्रत्यक्ष खातरजमा करणे आवश्यक ठरते.