पाच ताऱ्यांचे वैमानिक

मुलांनो, वायुसेनेच्या अधिकाऱ्याच्या छातीवर रंगीत पट्ट्या तुम्ही पाहिल्या असतील. प्रत्येक पट्टी ही एका पदकाची खूण असते.

भारताचे अर्जन सिंग यांना १९४४ साली, ब्रह्मदेशाच्या लढाईत विमान चालवताना, शौर्याचे पदक मिळाले. १९६५ साली ते वायुसेनाप्रमुख होते. तेव्हा पाकिस्तानचे रणगाडे अखनूरकडे सरकू लागले. संरक्षणमंत्री होते महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण. विमाने केव्हा निघतील, असे त्यांनी विचारले. अर्जन सिंग म्हणाले, एका तासात. आणि तासाभरात विमाने उडालीसुद्धा!

त्यांना पद्मविभूषण मिळाले. २००२ साली पाच ताऱ्यांचा हुद्दा मिळाला. या हुद्द्याचा अधिकारी कधीच निवृत्त होत नाही. २०१५ साली माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम वारले. तेव्हा ९६ वर्षांचे अर्जन सिंग चाकांच्या खुर्चीतून उठले आणि त्यांनी ताठ उभे राहून सलामी दिली.