दहाव्या लेण्यातली दोन नावं

जामनेरहून पहूर, मग फर्दापूर, की अजिंठा आलाच. आमच्याकडची शाळेची सहल पिढ्यान्‌पिढ्या तिथं जाते. येताना सगळे पद्मपाणीच्या चित्राबद्दल बोलतात. मी कॅमेरा घेऊन जाऊ लागलो तेव्हापासून माझं लक्ष मात्र भिंतींवर लोकांनी लिहिलेल्या नावांकडे जातं. हा मागोवा त्या नावांचा.

दहाव्या लेण्याच्या दर्शनी कमानीजवळ ब्राह्मी लिपीत एक नाव कोरलं आहे, वासिठीपुत कटहादि. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या या माणसानं लेण्याचा दर्शनी भाग दान दिला. त्याच लेण्यात आत एका खांबावर दुसरं नाव आहे: जॉन स्मिथ, 28 एप्रिल 1819. मद्रास फौजेतला हा अधिकारी शिकारीसाठी या डोंगरात आला होता. खांबावर रंगवलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावरच त्यानं आपलं नाव खरवडलं. आज ते डोक्याच्याही वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात माती-दगडांचा थर साचलेला होता आणि स्मिथ त्यावर उभा होता. दोघांनीही लेण्यात नावच लिहिलं. पण एकानं लेणं कोरायला पैसे दिले, दुसऱ्यानं त्यातलं चित्र खरवडलं. मला यापेक्षा स्पष्ट सीमारेषा कुठं सापडलेली नाही.

स्मिथनंतर लेणी गोऱ्या साहेबांमध्ये गाजली आणि हौशी लोक चित्रांचे तुकडेच काढून नेऊ लागले. त्यातला एक आज बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. 1844 पासून मेजर रॉबर्ट गिल इथं चित्रांच्या नकला करत होता. पुढं त्यानं कॅमेराही वापरला. त्यानं काढलेले लेण्यांचे फोटो 1864 मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या पुस्तकात छापले गेले. दोनच वर्षांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथं मांडलेल्या त्याच्या बहुतेक नकला जळाल्या. वर्षानुवर्षांची मेहनत एका आगीत गेली, हे वाचताना आजही जीव कळवळतो. गिलची कबर आपल्या भुसावळात आहे.

1872 पासून मुंबईच्या कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच 1885 मध्ये दुसऱ्या एका आगीत गेल्या. शिवाय चित्रं उठून दिसावीत म्हणून मूळ भिंतीवर व्हार्निश फासलं गेलं. ते पिवळं, काळपट पडलं. ते काढायला निजामाच्या पुरातत्त्व खात्याला 1920 मध्ये इटलीहून तज्ज्ञ बोलवावे लागले. नुकसान करायला वाईट हेतूच लागतो असं नाही. पुढं त्याच खात्याच्या गुलाम याझदानींच्या ग्रंथांत इथले फोटो छापले गेले आणि 1990 च्या दशकात छायाचित्रकार बिनॉय बहल यांनी अगदी मंद उजेडात, भिंतीला झळ न लावता, चित्रांचे रंग टिपले. भिंतीवरून काही नेण्याची ही एकच रीत मला मान्य आहे.

भिंतीवर काही उमटवायचंच असेल, तर त्याच्याही रीती आहेत. 2009 मध्ये मुंबई महापालिकेनं तुळशी पाइप रोडची लांबलचक भिंत लोकांना रंगवायला दिली. ती चित्रं चांगली असोत वा साधी, त्यांच्याखाली कुठलं जुनं चित्र गेलं नाही. किल्ल्यांवर खिळ्यानं बदाम कोरून त्यात बाण मारणाऱ्यांना तसं म्हणता येणार नाही. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर स्मारकांविषयीच्या कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात.

स्मिथचं नाव आता दोनशे वर्षांचं झालं, म्हणून तेही वारसाच, असं काही जण म्हणतात. ते पुसायला जाऊ नये, चित्राला आणखी इजा होईल. त्याचे फोटो जरूर काढावेत. पण गाइडनं ते कौतुकानं दाखवू नये. ती जखम आहे, आणि मुलांना ती जखम म्हणूनच दाखवली पाहिजे.

यंदा सहलीला मुलं न्याल तेव्हा त्यांना आधी कमानीवरचं नाव दाखवा, मग खांबावरचं. फ्लॅश बंद ठेवा, भिंतीला हात लावू देऊ नका, आणि कुणी खिळा काढताना दिसला तर तिथल्या तिथं पहारेकऱ्याला हाक मारा.