दिवसा पाणी देणारी मोटार

महाराष्ट्रात शेतीच्या अनेक फीडरना थ्री फेज वीज आळीपाळीने मिळते: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री आठ ते दहा तास. रात्रीची पाळी आली की ऐन थंडीत गव्हाला पाणी द्यायला बॅटरी घेऊन निघायचं आणि चिखलात उभं राहून दारं धरायची. बांधावर साप आणि उसाच्या फडात बिबट्या. मध्येच लाइट गेली, की ती परत यायची वाट बघत विहिरीपाशी बसून राहायचं.

सौरपंपाची खरी किंमत इथे कळते. राज्य सरकारने 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल माफ केलं आहे. तरीही शेतकरी सौरपंपासाठी अर्ज भरतात, कारण त्यांना दिवसा पाणी हवं आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने 10 टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के. अडीच एकरांपर्यंत 3 हॉर्सपॉवरचा पंप मिळतो, पाच एकरांपर्यंत 5 चा आणि त्यापुढे साडेसातचा.

सौरपंपाला वीज देणाऱ्या प्लेटमध्ये हलणारा एकही भाग नसतो. काचेखाली दिसणारे गडद चौकोन म्हणजे सिलिकॉनच्या चकत्या, मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही पातळ. चकतीच्या एका थरात फॉस्फरस किंचित मिसळलेला असतो, दुसऱ्यात बोरॉनसारखं मूलद्रव्य. दोन थर भेटतात तिथे कायमचं विद्युतक्षेत्र तयार होतं. प्रकाश आत शिरला की इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि हे क्षेत्र त्यांना एकाच बाजूला लोटतं. चकतीवरच्या चांदीच्या बारीक रेघा ते गोळा करतात. एका चकतीतून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो, म्हणून अनेक चकत्या एकापुढे एक जोडायच्या. पुढे कंट्रोलर ती डीसी वीज मोटारीला मानवेल अशी करून देतो.

प्रकाशातून वीज निघते हे एडमंड बेकरेलने 1839 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी फ्रान्समध्ये पाहिलं होतं. कामाचा सिलिकॉन सेल मात्र 1954 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला. तो पडलेल्या उन्हापैकी साधारण 6 टक्के ऊर्जेचीच वीज करायचा. आजच्या चांगल्या प्लेटा 20 टक्क्यांच्या पुढे गेल्या आहेत.

ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, असं वाटणं साहजिक आहे. पण प्लेटला प्रकाश हवा असतो, उष्णता नको. तिची क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते. मे महिन्याच्या दुपारी सेल 60 अंशांवर तापला, तर साधारण 12 टक्के वीज तिथेच कमी होते. जानेवारीतलं लख्ख पण गार ऊन तिला मानवतं, आणि गहू-हरभऱ्याला पाणीही नेमकं तेव्हाच लागतं. हा जुळून आलेला योग फार मोलाचा आहे.

अडचणीही खऱ्या आहेत. ढग आला की पाण्याची धार बारीक होते, ठिबकचा दाब पडतो. पावसात खंड पडतो तेव्हा आभाळ बरेचदा भरलेलंच असतं. पीक सुकतंय आणि पंप मंद चालतोय, अशी दोन्हीकडून कोंडी होते. कडेच्या बाभळीची सावली एका प्लेटच्या कोपऱ्यावर पडली, तरी तिच्याबरोबर मालिकेत जोडलेल्या प्लेटांची वीज घटू शकते. धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा सकाळी गार असतानाच पुसायला हवी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते.

सगळ्यांत गंभीर प्रश्न जमिनीखालचा आहे. राज्याचा मोठा भाग काळ्या बसाल्ट खडकाचा. त्यात पाणी मुरतं ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांत, तेही मोजकंच. ऊन आहे तोवर मोटार चालू ठेवायला वरखर्च काहीच नाही, म्हणून बोअर अखंड उपसली तर शेजारच्या विहिरीचाही तळ दिसतो. सौरपंपासोबत ठिबक आणि पीकनिवड यांचाही आग्रह धरायलाच हवा.

पावसाळ्यात पाऊस वेळेवर झाला, तर हीच प्लेट महिनोन्‌महिने रिकामी उभी असते. कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी त्याच विजेवर चालवू देणारे कंट्रोलर उपलब्ध आहेत. केंद्राच्या कुसुम योजनेच्या नियमांतही त्यांना जागा आहे. मोटार बंद असताना गोठ्यातली कुट्टी दिवसाउजेडी निघाली, तर त्या प्लेटचं वर्षभराचं ऊन कामी येईल.