एक मग फाला

मलावीतल्या खेड्यात शाळेची घंटा व्हायच्या कितीतरी आधी शाळेशेजारची चूल पेटते. गावातल्या आया आणि आज्या अंधारातच घरून निघालेल्या असतात. पाणी भरायचं, लाकडं लावायची, आधण आलं की पीठ सोडायचं आणि गुठळी होऊ न देता घाटत राहायचं. रांगेत शेकड्यांनी मुलं असतात. कधी हजाराच्या वरही, कारण 1994 साली प्राथमिक शिक्षण मोफत झालं तेव्हापासून तिथले वर्ग भरून वाहत आहेत. मुलं हात धुतात, आपापला मग पुढे करतात आणि गरम लापशी घेऊन अंगणात बसतात.

या लापशीचं नाव लिकुनी फाला. मका आणि सोयाबीन यांचं पीठ, थोडी साखर आणि वरून घातलेली जीवनसत्त्वं व खनिजं. दाटपणा आपल्या नाचणीच्या आंबिलीसारखा. मलावीचं रोजचं अन्न म्हणजे मक्याचं घट्ट शिजवलेलं न्सिमा, त्यामुळे ही चव मुलांना परकी नाही. कित्येकांच्या पोटात सकाळपासून जाणारं हे पहिलंच अन्न असतं. ते शाळेतच मिळतं, घरी न्यायला पोती दिली जात नाहीत. या योजनेचं सगळं मर्म मला इथेच दिसतं. भुकेलं मूल एरवी दुसऱ्याच्या शेतावर ‘गन्यू’ला, म्हणजे रोजंदारीच्या कामाला जातं, नाहीतर धाकट्या भावंडांना घेऊन खाण्याच्या शोधात फिरतं. जेवण शाळेत मिळू लागलं, की त्याला शाळेत पाठवणं घरच्यांनाही परवडतं.

हे काम करणाऱ्या संस्थेचं नाव मेरीज मील्स. येशूची आई मरियम हिच्यावरून ते आलं असलं, तरी जेवण वाढताना कुणाचा धर्म विचारला जात नाही. संस्थेचे संस्थापक मॅग्नस मॅकफार्लेन-बॅरो स्कॉटलंडमधल्या डालमॅली गावचे. 1992 साली ते आणि त्यांचा भाऊ फर्गस युद्धात होरपळणाऱ्या बोस्नियासाठी गाडीभर मदत घेऊन गेले. परत आले तर लोकांनी दिलेल्या सामानाचा ओघ थांबलेला नव्हता. ते सामान ठेवायला जी पत्र्याची शेड वापरली, तिथूनच पुढे संस्थेचा कारभार चालत राहिला.

2002 साली मलावीत दुष्काळ पडला. पीक बुडालं होतं, सरकारी राखीव धान्य आधीच विकलं गेलं होतं, आणि एड्सने घरातली कर्ती माणसं एकेक करून नेली होती. मॅकफार्लेन-बॅरो तिथे अशाच एका मरणपंथाला लागलेल्या आईला भेटले. भोवती तिची सहा मुलं. थोरल्याला, चौदा वर्षांच्या मुलाला, त्यांनी विचारलं की तुला आयुष्यात काय हवं आहे. पोटभर खायला मिळावं आणि कधीतरी शाळेत जायला मिळावं, एवढंच तो म्हणाला. त्याच वर्षी 200 मुलांपासून शाळेतलं जेवण सुरू झालं. आज एकट्या मलावीत दहा लाखांहून जास्त मुलं या रांगेत असतात.

मलावीचा बहुतेक शेतकरी एका पावसाळ्यावर आणि एका पिकावर जगतो. नोव्हेंबरात पेरलेला मका एप्रिलच्या सुमारास हाती येतो. डिसेंबर ते मार्च हे उपासमारीचे महिने, कारण कणगी रिकामी आणि शेतातलं कणीस अजून हिरवं. पाऊस रुसला तर हे महिने लांबतच जातात. 2023-24 च्या एल निनोने ऐन वाढीच्या वेळी मका वाळवला, आणि मार्च 2024 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष लाझारस चकवेरा यांनी देशाच्या 28 पैकी 23 जिल्ह्यांत आपत्ती जाहीर केली. आदल्याच वर्षी फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिणेतली शेतं धुऊन नेली होती. दुष्काळात मका महागतो, म्हणजे फालाचं पीठही महागतं. मुलांना ते सर्वांत जास्त लागतं तेव्हाच ते मिळवणं सर्वांत कठीण होतं.

एका मुलाच्या वर्षभराच्या जेवणाला सरासरी वीस पौंडांच्या आसपास खर्च येतो, असं संस्था सांगते. आकडा इतका लहान कसा? पीठ शक्यतो देशातच घेतलं जातं, हे एक कारण. मोठं कारण चुलीपाशी उभं आहे. मलावीत ऐंशी हजारांहून जास्त स्वयंसेवक पाळीपाळीने, पगाराविना हे अन्न रांधतात. दुष्काळ त्यांच्याही घरात असतो. देणगीदारांचं कौतुक व्हावं तेवढं थोडं, पण या बायकांच्या श्रमाची किंमत वीस पौंडांत कुठेच धरलेली नाही, आणि माझ्या मते सर्वांत मोठी देणगी त्यांचीच आहे.

आपल्याकडे नोव्हेंबर 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला. त्यामुळे आपल्या मुलाची खिचडी आली नाही तर पालक जाब विचारू शकतात, आणि ती रांधणाऱ्या बायका तुटपुंज्या मानधनासाठी का होईना, मोर्चा काढू शकतात. मलावीतल्या आईला असा जाब स्कॉटलंडच्या देणगीदाराला विचारता येत नाही. मुलांचं रोजचं जेवण शेवटी त्यांच्या सरकारच्याच अंदाजपत्रकात यायला हवं. पण गरीब, कर्जात बुडालेल्या देशाचं सरकार ते पेलेपर्यंत मुलांनी थांबायचं कसं? म्हणून आज हा मग भरलाच पाहिजे. एकदा शाळा घेतली की शाळेच्या प्रत्येक दिवशी तिथे जेवण द्यायचं, हा संस्थेचा शब्द आहे. त्यामुळे नवी शाळा घेताना वर्षानुवर्षांच्या पैशाचा विचार करावा लागतो, आणि पुढची गावं आपली पाळी यायची वाट पाहत राहतात.