सर्पगंधेतील इंडोल द्रव्ये आणि वैद्यांचे उत्तरदायित्व

रक्तदाबाच्या रुग्णास सर्पगंधा देताना तिचा तिक्त रस, उष्ण वीर्य, कटु विपाक आणि निद्राजनन प्रभाव आपण विचारात घेतोच. या प्रभावामागील रसायनही वैद्याने जाणून घेणे, विशेषतः ग्रामीण व्यवसायात, अगत्याचे आहे असे आम्हांस वाटते.

बेंझीनचे षट्कोनी वलय व नायट्रोजनयुक्त पायरोलचे पंचकोनी वलय एकमेकांस जोडले गेले म्हणजे इंडोल तयार होते. हे नाव इंडिगो म्हणजे निळीशी निगडित आहे. निळीपासून मिळालेल्या ऑक्सिंडोलचे जस्ताच्या चूर्णाने क्षपण करून बायर यांनी १८६६ मध्ये इंडोल मिळविले. मोगऱ्याच्या सुगंधात ते अल्पांशाने असते आणि मलाच्या दुर्गंधातही असते. मात्रेचे महत्त्व सांगणारे याहून सोपे उदाहरण कोणते?

आहारातील ट्रिप्टोफॅन हे इंडोलयुक्त अमिनो आम्ल होय. शरीर त्यापासून सेरोटोनिन व पुढे मेलाटोनिन घडविते. मन, निद्रा व आतड्यांची गती यांच्याशी या द्रव्यांचा निकट संबंध आहे. सदाफुलीतील व्हिन्क्रिस्टीन व सर्पगंधेतील रिसर्पिन हीदेखील याच कुळातील.

कोलकात्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद व रक्तदाबातील सर्पगंधेचे अनुभव प्रसिद्ध केले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडली आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे करण्यात आले.

मज्जातंतूंच्या टोकांशी असलेल्या सूक्ष्म पुटिकांत नॉरॲड्रेनॅलिन, डोपामिन व सेरोटोनिन साठविलेले असते. रिसर्पिन ही साठवण रोखते. नॉरॲड्रेनॅलिन घटल्याने रक्तवाहिन्या शिथिल होतात व रक्तदाब उतरतो. मात्र त्याच क्रियेने मनाला आधार देणारी द्रव्येही रिती होतात. १९५० च्या दशकात काही रुग्णांत खिन्नता नोंदली गेली. या संबंधाविषयी पुढे मतभेद झाले, तरी विषादाचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णास हे औषध वर्ज्य मानतात. आम्लपित्ताचा व्रण व कंपवात यांतही ते टाळावे. गुण व दोष असे एकाच मुळीतून येतात.

क्रिया मंद गतीने सुरू होते आणि औषध थांबविल्यावरही बरेच दिवस टिकते. नांदूरघाट परिसरात हा मुद्दा केवळ पुस्तकी राहत नाही. दिवाळीच्या आगेमागे येथील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. जाताना रुग्ण चार-पाच महिन्यांचे चूर्ण एकदम मागतात. फडावर रक्तदाब कोण मोजणार? झोप उडाली, बोलणे खुंटले, तर ते श्रमामुळे की औषधामुळे, हे कोण ओळखणार?

म्हणून आम्ही एका महिन्यापुरतेच औषध देतो व सोबत औषधाच्या नावाची चिठ्ठी देतो. रुग्ण ॲलोपॅथीच्या गोळ्या घेत असल्यास त्या परस्पर बंद करू नयेत, हे निक्षून सांगतो. घरच्या माणसास झोप, भूक व मनःस्थितीकडे लक्ष ठेवावयास सांगतो.

नाडीबरोबर रुग्णाचे मनही प्रत्येक भेटीत तपासावे, ही वैद्यबांधवांना विनंती. सर्पगंधा निरुपद्रवी ‘झाडपाला’ नव्हे. तिच्या सामर्थ्याची जाणीव ठेवणे हाच तिचा खरा सन्मान होय.